छत्रीची खुंटी

मावशीचा कुणावर म्हणजे कुणावर विश्वास नव्हता, आणि तरी बारा घरांनी आपली बारा पोरं तिच्या हवाली केली होती. यात नवल काही नाही. जी बाई दूधवाल्याचं मापसुद्धा दोनदा बघते, तिच्याकडे पोर सुरक्षित राहणार हे शहाण्या आईबापांना कळतं.

पाळणाघर काढायच्या आधी अठरा वर्षं ती कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकावर होती. सुटीचा भोंगा झाला की बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईची पिशवी तपासायची, एवढंच काम. डब्याच्या तळाशी बटणं, अंबाड्यात दोऱ्याचं रीळ, पोटाशी गुंडाळलेलं अस्तराचं कापड, सगळं तिने पकडलेलं. कारखाना बंद पडला तेव्हा तिला मिळालेल्या पैशांत घराच्या पुढच्या दोन खोल्यांना फरशी बसली, आणि मालकाने वाटून टाकलेल्या उरल्यासुरल्या मालातून निळ्या जाड कापडाचा एक तागा तिच्या वाट्याला आला. फाटक सुटलं, पण नजर काही सुटली नाही.

सकाळी एखादी आई दारातूनच म्हणायची, "रात्री जरा अंग कोमट होतं, आता अगदी मस्त आहे." मावशी हसून "हो का, बरं झालं" म्हणायची आणि आईची पाठ वळायच्या आत पोराच्या काखेत थर्मामीटर. "डबा सगळा संपवतो घरी," असं कुणी म्हटलं की त्या पोराचा डबा दुपारी सगळ्यात आधी उघडला जायचा. तिची धाकटी बहीण तिच्याबरोबरच काम करायची, ती म्हणायची, "ताई, देव भेटला तर तू त्याचं ओळखपत्र मागशील." मावशी म्हणायची, "मग? नको मागू?"

अशी ही बाई एका बाबतीत मात्र लाजाळूच्या झाडासारखी होती. फी मागायला तिची जीभ रेटायची नाही. त्याला कारण होतं. सुरुवातीच्या दिवसांत तिने एका बापाला दारातच म्हटलं होतं, "दोन महिने झाले, कधी देताय?" पोरगा बापाच्या खांद्यावर होता. दुसऱ्या दिवशी तो चार वर्षांचा पोरगा मूठ आवळून आला, मुठीतली तीन नाणी तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "मावशी, मला ठेवून घे." त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. पोराच्या देखत पैशाची भाषा नाही.

मग तिने आपली रीत बसवली. मधल्या खोलीच्या भिंतीवर दोन ओळींत खुंट्या. मुलांना अक्षरं येत नाहीत म्हणून प्रत्येक खुंटीवर एक चित्र: मासा, चेंडू, कंदील, छत्री, किटली. प्रत्येक खुंटीला त्याच निळ्या ताग्यातून शिवलेली एक पिशवी, सगळ्या हुबेहूब सारख्या, कारण कुणाची झुळझुळीत आणि कुणाची विटकी असली की मुलं ते बरोबर हेरतात. पिशवीत जादाचे कपडे, आणि आतल्या बाजूला एक चोरखिसा. ही पिशवी घरी जायची नाही, खुंटीवरच राहायची. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आईबापांनी येताजाता फीचं पाकीट त्या चोरखिशात सरकवायचं. मुलं गेली की मावशी खिसे बघणार. दहा तारखेपर्यंत पाकीट नाही आलं तर डब्याच्या पिशवीत चिठ्ठी: "या महिन्याचं राहिलंय, सवडीने बघावं." ना तोंडातोंडी, ना मानापमान. एवढ्या वर्षांत पैशावरून तिचं एकाही घराशी वाकडं आलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला भारी अभिमान होता.

छत्रीची खुंटी भिंगरीची. साडेतीन वर्षांची पोर, उभ्या जागी गरगर फिरायची म्हणून भिंगरी. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा, आई दवाखान्यात नर्स. आई नेण्या-आणण्याचं आणि पाकिटाचं सगळं चोख करायची. मग तिची कामाची पाळी बदलली, संध्याकाळची लागली, आणि पोरीला न्यायला आजोबा येऊ लागले.

हे आजोबा म्हणजे निवृत्त पोस्टमन. सरळ कण्याचे, मितभाषी, चप्पल उंबऱ्याबाहेर एका रेषेत काढून ठेवणारे. मावशीपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठे, पण तेही तिला मावशीच म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "एकतीस वर्षं टपाल वाटलं. एक पाकीट चुकीच्या दारात गेलं नाही." मावशीच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. न विचारता आपला चोखपणा सांगणारी माणसं तिने फाटकावर पुष्कळ बघितली होती.

त्याच आठवड्यात तिने एक बारीकसा बदल केला. भिंगरीची उंची वाढली होती, आणि खालच्या ओळीतली छत्रीची खुंटी गरगर फिरताना बरोबर तिच्या डोळ्याशी यायला लागली होती. मावशीने तिची पिशवी वरच्या ओळीत किटलीच्या खुंटीवर नेली. "आता तू मोठी झालीस," असं सांगितल्यावर पोरगी दिवसभर किटलीखाली फिरत राहिली. छत्रीवर मावशीने जादाची पिशवी टांगली, म्हणजे ज्यांच्या घरून कपडे यायचे राहतात त्यांच्यासाठीची. दाराशेजारच्या फळ्यावर खडूने तसं लिहिलंही. पण फळा वाचतं कोण? फळ्यावर काय लिहायचं हे ठरवणारी बाईच बहुतेक एकटी.

पहिल्या महिन्यात किटलीचा खिसा रिकामा. दहा तारखेला चिठ्ठी गेली. उत्तर आलं नाही. दुसऱ्या महिन्यात पुन्हा रिकामा, पुन्हा चिठ्ठी, या वेळी दोन महिन्यांची. भिंगरीच्या बापाचा फोन आला. आवाज जरा अवघडलेला.

"मावशी, बाबा तर म्हणतात, दिले. दर महिन्याला मी पाकीट त्यांच्याच हातात देतो."

"माझ्या खिशात तर काही आलं नाही."

"बरं. मी विचारतो त्यांना पुन्हा."

फोन ठेवल्यापासून मावशीने म्हाताऱ्यावर डोळा ठेवला. आणि एकदा डोळा ठेवला की दिसायचं तेच दिसतं. म्हाताऱ्याच्या पायात नव्या चपला. भिंगरीच्या हातात फुगा, तोही गुरुवारी, कसलंही निमित्त नसताना. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात ते सुटे पैसे मोजत उभे दिसले, मावशीला बघून त्यांनी मूठ मिटली. "खातोय," ती बहिणीला म्हणाली. "मुलगा विश्वासाने देतो आणि हा मधल्यामध्ये खातोय."

"ताई, माणूस सुटे मोजत होता. तूही मोजतेस."

"मी मूठ मिटत नाही."

तिकडे आपल्या पोराच्या जागेसाठी दातांची एक डॉक्टरीणबाई नंबर लावून बसली होती. सहा महिन्यांची फी आगाऊ द्यायला तयार. मावशी बारापेक्षा तेरावं पोर कधी घेत नसे. भिंगरी राहिली तर डॉक्टरीणबाई थांबणार, भिंगरी गेली तर जागा होणार. पण भिंगरी किटलीखाली फिरायला लागली की मावशीला डॉक्टरीणबाईचं तोंडसुद्धा आठवायचं नाही. पोरगी राहायला हवी होती. नको होता तो म्हातारा.

तिसऱ्या महिन्याच्या चार तारखेला तिने त्यांना पकडलं, म्हणजे तिला तसं वाटलं. ती स्वयंपाकघरात दूध गाळत होती. दाराच्या फटीतून मधली खोली दिसत होती. आजोबा आले, भिंगरी चपला शोधायला धावली, आणि आजोबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, खाली वाकले आणि छत्रीवरच्या पिशवीत मनगटापर्यंत हात घातला. मग हात काढून सरळ उभे राहिले, सदऱ्याला पुसला आणि नातीचं बोट धरून निघून गेले.

मावशी तरातरा बाहेर आली. तिने ती पिशवी खाली काढली आणि कपडे मोजले. एक स्वेटर कमी.

"फी तर फी, पोरांचे कपडेही!" ती म्हणाली.

"अगं, एवढ्याशा स्वेटरचं ते काय करतील?"

"फाटकावर एक बाई एकाच पायाचा मोजा नेताना सापडली होती. तिने काय केलं असतं?"

मुलं गेल्यावर तिने भिंगरीच्या बापाला फोन लावला. मुद्दाम शांतपणे बोलली, आणि त्या शांतपणाची तिला पुढे जास्त लाज वाटायची होती.

"तीन महिन्यांचं झालं आता. आणि मी सांगणार नव्हते, पण आज तुमच्या वडिलांना मी दुसऱ्याच पिशवीत हात घालताना बघितलं. माझ्या डोळ्यांनी."

मग तो म्हणाला, "उद्या येतो."

तो आला तो कामावर जायच्या वेषात, एका हाताला पोरगी आणि दुसऱ्या हातात नोटा. खुंट्यांकडे गेलाच नाही. उंबऱ्यातच, भिंगरीच्या डोक्यावरून त्याने नोटा पुढे केल्या. "तिन्ही महिन्यांचे आहेत. मोजून घ्या."

"पोरीच्या देखत नको," मावशी म्हणाली.

"आता काय राहिलंय लपवायचं? बाबांनी कबूल केलं. खर्च केले म्हणाले. कशावर, ते सांगत नाहीत." त्याचा चेहरा झोप न झालेल्या माणसाचा होता. "यापुढे ते येणार नाहीत. मी येईन, उशीर झाला तर सांभाळून घ्या. आणि मावशी, महिनाअखेरीला आम्ही हिला दुसरीकडे ठेवतो. तुम्हाला रोज तोंड दाखवायचं म्हणजे..."

म्हणजे ती जिंकली होती. पैसे हातात, चोर कबूल, अंदाज बरोबर. तिने नोटा मोजल्या, बरोबर भरल्या, आणि दिवसभर तिला कशातच गोडी वाटली नाही.

सोमवारी स्वेटर परत आला. मागच्या आठवड्यात एका पोराला हुडहुडी भरली होती तेव्हा तिनेच तो त्याला चढवून घरी पाठवला होता. त्याच्या आईने धुऊन, घडी घालून आणला. "विसरलेच होते बघ," मावशी बहिणीला म्हणाली. बहिणीने स्वेटर तिच्या पुढ्यातच ठेवला. मावशी चिडून म्हणाली, "स्वेटर आला म्हणून पैसे आले का? कबूल केलंय त्याने स्वतः!"

भिंगरी आता सगळ्यांच्या शेवटी जायची. बाकीची मुलं गेली की ती खिडकीच्या कट्ट्यावर बसायची. पहिले दोन दिवस तिने विचारलं, "आजोबा कुठे?" तिसऱ्या दिवशी विचारलं नाही. फिरणंही थांबलं. "चक्कर येते," म्हणाली. साडेतीन वर्षांच्या पोरीला चक्कर येत नाही, हे मावशीला थर्मामीटर न लावता कळलं. तिला वाईट वाटलं, अगदी पोटातून वाटलं, आणि त्याचाही राग तिने म्हाताऱ्यावरच काढला, मनातल्या मनात.

महिना संपायला चार दिवस होते. दुपारी माशाच्या खुंटीवाल्या पोराने खुंट्यांखाली उभं राहून सगळं दूध ओकून टाकलं. खालच्या ओळीतल्या पिशव्या बरबटल्या. मावशीने कपडे उपसून बाजूला ठेवले आणि पिशव्या बादलीत बुडवल्या. एकेक पिशवी चोळताना छत्रीवरची पिशवी हाताला कडक लागली. तिने उलटी केली. चोरखिसा फुगलेला होता.

जादाच्या पिशवीलाही चोरखिसा आहे, हे तिच्या लक्षातच नव्हतं. ताग्यातून सगळ्या पिशव्या एकाच मापाने बेतल्या होत्या, म्हणून तिलाही खिसा लागला होता. कुणाचीच नसलेल्या पिशवीत पैसे कोण ठेवणार? तो खिसा तिने शिवल्यापासून एकदाही उघडला नव्हता.

तीन पाकिटं निघाली. तिन्हींवर एकाच अक्षरात "भिंगरी" आणि खाली महिन्याचं नाव. शाई पसरायला लागली होती.

मावशी मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसली. बहीण धावत आली, पाकिटं बघितली, भिंतीकडे बघितलं. "अगं ताई," ती हळूच म्हणाली, "छत्री."

तो हात मावशीच्या डोळ्यांपुढून हलेना. मनगटापर्यंत आत गेलेला, मग रिकामा बाहेर आलेला. अठरा वर्षं तिने पिशव्यांतून काहीतरी काढणारे हात बघितले होते. कुणी पिशवीत काही ठेवायलाही हात घालतो, हे तिला सुचलंच नव्हतं. पोस्टमनला जो पत्ता सांगितला त्या पत्त्यावर त्याने तीन वेळा टपाल पोचवलं होतं. घर बदललं होतं मावशीने, आणि ते कळवलं होतं फळ्याला.

नोटा तिने दोरीवर, मोज्यांच्या शेजारी, चिमट्यांनी वाळत घातल्या. संध्याकाळी त्या तशाच दमट पाकिटांत परत भरल्या, बापाने दिलेले पैसे वेगळे घेतले, बापाला फोन करून सांगितलं, "आज येऊ नका, मीच सोडते," आणि भिंगरीचं बोट धरून निघाली. एवढ्या वर्षांत तिने एखाद्या पोराच्या घरची पायरी चढण्याची ही पहिलीच वेळ.

तिसरा मजला. दार बापाने उघडलं. त्या दिवशी आईची सुटी होती, ती कपडे घडी करत होती. आजोबा खिडकीपाशी खुर्चीवर बसले होते, हातात काही नाही. भिंगरी धावत जाऊन त्यांच्या गुडघ्याला चिकटली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आधी मुलाकडे बघितलं, ठेवू का असं विचारल्यासारखं.

"बसा मावशी," आई म्हणाली. "भिंगरी, तू जरा आत जा."

"नको," मावशी म्हणाली. "तिच्या देखतच बोलायचंय. झालं तेही तिच्या देखतच झालं." तिने पाकिटं टेबलावर ठेवली. "आजोबांनी एकही पैसा खाल्ला नाही. तिन्ही महिन्यांची पाकिटं छत्रीवरच्या पिशवीत होती. पोरगी मोठी झाली म्हणून मी तिची खुंटी बदलली आणि तोंडाने कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी ते हात घालताना दिसले ते पाकीट ठेवत होते. मी त्यांना चोर म्हटलं. चूक माझी आहे, सगळी माझी." आणि दुसऱ्या हाताने तिने बापापुढे नोटा ठेवल्या. "हे तुमचे. फी मला कधीच पोचली होती."

"मीच सांगितलं होतं बाबांना, छत्री म्हणून," आई म्हणाली आणि खाली बसली.

आजोबांनी एक पाकीट उचललं. उलटंपालटं करून बघितलं. "हे ओलं कशानं झालं?"

"मी धुतलं," मावशी म्हणाली.

"म्हणजे मी पोचवलं होतं." ते कुणालाच उद्देशून बोलत नव्हते. "पोचवलं होतं मी."

"पण बाबा," मुलाचा आवाज फाटला, "मग तुम्ही खर्च केले असं का म्हणालात? मी किती बोललो तुम्हाला! एकदा तरी म्हणायचं, नाही केले!"

आजोबा पाकिटाची कड बोटाने सरळ करत राहिले.

"मला आठवत होतं ठेवल्याचं. पण मावशी म्हणाल्या नाही, तू म्हणालास नाही. मग मला वाटलं, माझंच डोकं गेलं. ठेवले म्हणून नुसतं वाटतंय, आणि पैसे कुठेतरी रस्त्यात टाकून येतोय." त्यांनी भिंगरीला जवळ ओढलं. "दोन रस्ते ओलांडायचे असतात हिला घेऊन. विसरणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात पोर कोण देईल? म्हटलं, पैसे खाणाऱ्याच्या हातात एक वेळ देतील. म्हणून कबूल केलं." ते थांबले. "तरी नाही दिलीत."

मुलगा उठून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मावशीला तिथून पळून जावंसं वाटलं, पण ती बसून राहिली. भिंगरीने विचारलं, "उद्या आजोबा?" आणि तिची आई डोळे पुसत म्हणाली, "उद्या आजोबा."

महिनाअखेर आली आणि गेली. भिंगरी कुठेही गेली नाही. डॉक्टरीणबाईला मावशीने कळवून टाकलं, जागा नाही. आजोबा पूर्वीच्याच वेळेला येऊ लागले, चपला पूर्वीसारख्याच रेषेत. पोरगी पुन्हा फिरायला लागली. यापुढे काहीही बदललं तर दारात उभं राहून प्रत्येकाला तोंडाने सांगायचं, असं मावशीने ठरवलं, आणि फळा आतल्या खोलीत नेऊन मुलांना गिरवायला दिला.

पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला आजोबा आले तेव्हा खुंट्यांकडे गेले नाहीत. भिंगरी मावशीच्या बहिणीबरोबर बाहेर चपला घालत होती. ती कानाच्या टप्प्यात नाही याची त्यांनी खात्री करून घेतली, सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढलं आणि मावशीच्या हातात दिलं. मग दुसऱ्या खिशातून एक छोटी वही काढली. पानावर पट्टीने रेघा मारल्या होत्या: तारीख, रक्कम, कुणाला, सही.

"मोजा," ते म्हणाले. "आणि पोच द्या. सही इथे."

मावशीने मोजले आणि "मावशी" असं लिहिलं.

"पूर्ण नाव."

तिने खाली पूर्ण नाव लिहिलं. कितीतरी दिवसांत लिहिलं नव्हतं, अक्षर वाकडं आलं. आजोबांनी शाईवर फुंकर मारली, वही मिटली, खिशात ठेवली.

"सावकाश जा हं, आजोबा," ती म्हणाली. आणखी बरंच म्हणायचं होतं, पण एवढंच बाहेर आलं.

ते "हो" म्हणाले आणि नातीचं बोट धरून निघाले. फाटकाशी थांबून त्यांनी वही पुन्हा काढली, उघडून सही नीट वाचली, आणि वळून एकवार मावशीकडे बघितलं. ती नजर मावशीने तिथल्या तिथे ओळखली. अठरा वर्षं ती तिची स्वतःची होती.